उरलेल्या बटाट्याचें काय करावें?

बटाटा ही वस्तु अशी आहे कीं ती मोजून कधींच उकडली जात नाहीं. भात मापानें होतो, पोळ्या माणशीं होतात. बटाटे मात्र 'असूं द्या दोन जास्त' या हिशेबानें पातेल्यांत पडतात. पुरी-भाजीचा बेत असो, वड्यांचा असो किंवा उपासाचा असो, मंडळी पानांवरून उठल्यावर वाटी-दोन वाट्या कुस्करलेला बटाटा ओट्यावर शिल्लक राहतोच. त्याचें एक चविष्ट उत्तर म्हणजे बाहेरून कुरकुरीत व आंतून मऊ असे पॅटिस. 'त्यांत सांगण्यासारखें काय आहे?' असें आपण म्हणाल. कृति सर्वांस ठाऊक आहे हें खरें. परंतु ते तव्यावर न फुटतां, तेल न पितां, आणि पानांत येईपर्यंत कुरकुरीत राहून उतरतात असें किती घरांत घडतें? ते कां फुटतात, तेल कां पितात, आणि याहूनही महत्त्वाचें म्हणजे कोणता उरलेला बटाटा तळावा व कोणता निमूटपणें टाकून द्यावा, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम नांवांविषयीं दोन शब्द. मास्तरकीची जुनी खोड आहे, ती श्रोत्यांनीं क्षमा करावी. 'बटाटा' हा शब्द आपणांस पोर्तुगीजांकडून मिळाला, आणि गंमत अशी कीं वेस्ट इंडीज बेटांतील ज्या मूळ शब्दावरून तो आला, त्याचा अर्थ रताळें असा होता. वस्तुतः दोहोंचें जवळचें नातें नाहीं. बटाटा हा वांगीं, टोमॅटो व मिरची यांच्या कुळांतला. रताळें हें गारवेलीसारख्या वेलींच्या कुळांतलें. बटाट्याचें माहेर दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वत, तेथें त्यास 'पापा' म्हणत आणि अजूनही म्हणतात. 'पॅटिस' हें इंग्रजी 'पॅटी' या शब्दाचें अनेकवचन. आपण तें एकवचनासारखें वापरतों व 'एक पॅटिस द्या' असें खुशाल म्हणतों. 'कटलेट' या शब्दाचा प्रवास तर याहून मौजेचा आहे. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ बरगडीचा तुकडा. आपल्या बटाट्याच्या कटलेटांत बरगडी शोधूं जाणाऱ्यास बहुधा गाजराचा तुकडा सांपडेल.

उरलेल्या बटाट्याचा प्रश्न आपल्यापेक्षां अधिक गंभीरपणें ज्यांनीं हाताळला ते म्हणजे इंग्रज आणि आयरिश लोक. रविवारच्या मोठ्या जेवणांतील कुस्करलेला बटाटा आणि कोबी सोमवारीं तव्यावर परतून त्याची जाड थापी करावयाची, ही इंग्लंडांतील फार रुळलेली रीत. या पदार्थास ते 'बबल अँड स्क्वीक' म्हणतात. तव्यावर होणाऱ्या बुडबुड्यांचें आणि चुरचुरीचें तें नांव. मात्र १८०६ सालीं मिसेस रंडेल नांवाच्या बाईंनीं आपल्या पाकशास्त्राच्या पुस्तकांत जी कृति दिली, तींत गोमांस व कोबी आहे, बटाट्याचा पत्ता नाहीं. बटाटा मागाहून शिरला, आणि शिरला तो असा कीं त्यानें मूळच्या यजमानास घराबाहेर काढलें. आयर्लंडची कथा मात्र विनोदाची नाहीं. तेथील गरीब शेतकरी एका बटाट्यावरच जगत असे. १८४५ सालीं त्या पिकावर करपा पडला आणि पुढील सातएक वर्षांत सुमारें दहा लक्ष माणसें दगावलीं, व जवळजवळ तितकींच देश सोडून गेलीं. ज्या लोकांच्या आजोबा-पणज्यांनीं असे दिवस पाहिले, त्यांच्या घरांत उरलेल्या बटाट्याची किंमत काय असेल हें सांगावयास नको.

दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटनमध्यें लोणी, साखर, मांस, चहा, सारें कांहीं शिध्याच्या चिठ्ठीवर आलें. बटाटा मात्र युद्ध चालू असतां कधींच चिठ्ठीवर आला नाहीं. तो देशांत पिकत होता, त्यासाठीं जहाजें लागत नव्हतीं. म्हणून सरकारच्या अन्नखात्यानें 'पोटॅटो पीट' नांवाचा एक बटाट्याचा पुतळा चित्रांतून नाचविला, आणि १९४० सालापासून बी. बी. सी. वरून सकाळच्या बातम्यांनंतर 'किचन फ्रंट' या नांवाचें पांच मिनिटांचें भाषण सुरू झालें. उरलेल्या अन्नाचें काय करावें हें नभोवाणीवरून सांगणारा मी कांहीं पहिला नव्हे, हें यावरून आपल्या ध्यानीं येईल. विशेष हें कीं युद्ध संपल्यावर, १९४७ सालीं, कडाक्याच्या थंडीनें सांठे नासले आणि तेव्हां मात्र खुद्द बटाट्यावरच नियंत्रण घालण्याची पाळी तेथील सरकारवर आली.

मुंबईंत रेशनिंग १९४३ सालीं सुरू झालें. त्या दिवसांतून गेलेल्या पिढीनें पुढें आयुष्यभर पानांत कण टाकूं दिला नाहीं. ही शिकवण चांगली होती. पण तिची एक बाजू आपण क्वचितच बोलून दाखवितों. अन्न टाकावयाचें नाहीं हा घराचा नियम, परंतु शिळें खावयाचें कोणीं, याचा नियम घराचा नव्हता. तो घरांतल्या बाईचा होता. पुरुषांचीं व मुलांचीं पानें ताजीं, आणि कालची वाटीभर भाजी स्वयंपाकघरांत मागें बसणाऱ्या सासू-सुनेच्या पानांत. आजही पुष्कळ सुशिक्षित घरांत, टेबलावर जेवणाऱ्या कुटुंबांतसुद्धां, फ्रीजमधील कालची वाटी कोणाच्या पुढें सरकते हें ज्यानें त्यानें पाहावें. पॅटिसाचा मला वाटणारा मोठा गुण हाच. कालचा बटाटा ज्या क्षणीं कुरकुरीत होऊन चटणीसह ताटांत येतो, त्या क्षणीं तो शिळें अन्न राहत नाहीं. त्यावर सर्वांच्या उड्या पडतात, आणि एकटीनें शिळें खाण्याचा प्रसंगच उरत नाहीं.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. उरलेला, थंड झालेला बटाटा पॅटिसास ताज्यापेक्षां अधिक चांगला, हें ऐकून कोणी चकित होईल; पण त्यास शास्त्राचा आधार आहे. बटाट्याचे सुमारें चार पंचमांश म्हणजे पाणी. बाकी बहुतेक पिष्ट, ज्यास आपण स्टार्च म्हणतों. हें पिष्ट सूक्ष्म कणांच्या रूपानें लहान लहान पिशव्यांसारख्या पेशींत भरलेलें असतें. बटाटा उकडूं लागला कीं साठ-पांसष्ट अंशांच्या सुमारास हे कण पाणी पिऊन फुगतात, आणि पेशींस एकमेकींशीं चिकटवून ठेवणारा गोंदासारखा पदार्थ सैल होतो. म्हणून शिजलेला बटाटा बोटानें कुस्करतो. पुढें तो थंड झाला म्हणजे फुगलेल्या पिष्टांतील लांब सांखळ्या पुन्हां एकमेकींजवळ येऊन ओळीनें बसूं लागतात, पाणी घट्ट धरून ठेवीत नाहींत, आणि सारा गोळा घट्ट होतो. शिळी भाकरी कडक होते ती याच कारणानें, आणि शिळ्या भाताचा फोडणीचा भात मोकळा होतो तोही याच कारणानें. ताज्या गरम बटाट्याचा पॅटिस हातांस चिकटतो, तव्यावर पसरतो. रात्रभर थंडाव्यांत राहिलेल्याचा पॅटिस थापाल तसा राहतो. (अशा थंड झालेल्या पिष्टाचा थोडा अंश आंतड्यांत पचत नाहीं, म्हणून तें किंचित् हलकें मानतात. पण त्याचा आधार घेऊन मधुमेही श्रोत्यांनीं चार पॅटिस जास्त खाऊं नयेत. तेल व प्रमाण हीं दोन्हीं तेथेंच आहेत.)

कुस्करण्याची वेळ मात्र उलट. बटाटा गरम असतांनाच हलक्या हातानें, किसणीवर अथवा पुरणयंत्रांतून, मोकळा करावा, आणि मग थंड करावा. गरम असतांना पेशी एकमेकींपासून अख्ख्या सुटतात. थंड झालेला बटाटा जोरानें रगडला, किंवा हल्लींच्या घाईंत मिक्सरमध्यें फिरविला, कीं पेशी फाटतात, आंतलें पिष्ट बाहेर येतें आणि बटाट्याची खळ होते. तिनें पतंग उत्तम चिकटेल. पॅटिस होणार नाहीं. असा चिकट गोळा एकदां झाला कीं त्यास कोणतेंही पीठ घालून पूर्वस्थितीवर आणतां येत नाहीं. तो सरळ थालीपिठाच्या पिठांत मिसळून टाकावा.

पॅटिसाचा खरा शत्रु पाणी. तव्यावर पॅटिस फुटला तर शंभरांत नव्वद वेळां दोष पाण्याचा असतो. बटाटे पातेल्यांत अगदीं फुटेपर्यंत उकडल्यानें पाणी शिरतें. गरम बटाटा झांकून ठेवल्यानें वाफ त्यांतच जिरते. आणि तिसरें कारण ज्याकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं तें म्हणजे कच्चा कांदा. कांदा व मीठ एकत्र आले कीं मीठ कांद्यांतलें पाणी ओढून बाहेर काढतें, आणि तासाभरापूर्वीं घट्ट असलेलें सारण पातळ होतें. उरलेल्या भाजींत कांदा आधींच शिजलेला असला तर हरकत नाहीं. नवा कच्चा कांदा घालावयाचा तर पॅटिस थापण्याच्या क्षणींच घालावा, मीठ त्याहून शेवटीं. कोथिंबीर धुऊन घातली तर ती फडक्यावर कोरडी करूनच. हें सोवळें वाटेल, पण फळ तव्यावर दिसतें.

उरलेलें पाणी शोषून घेण्यासाठीं कांहीं तरी कोरडें घालावें लागतें. पाव किलो कुस्करलेल्या बटाट्यास दोन मोठे चमचे आरारूट किंवा तांदुळाची पिठी पुरे. किंवा ब्रेडच्या एका कापाचा चुरा, अथवा मूठभर पातळ पोहे पाण्याचा हबका मारून मऊ केलेले. पोह्यांचा मी पक्षपाती आहें. त्यांनीं चव झांकली जात नाहीं, आणि ते प्रत्येक घरांत असतात. उपासाचा पॅटिस असेल तर साबुदाण्याचें किंवा शिंगाड्याचें पीठ. बेसन घालावयाचें झालें तर कोरडें भाजून घालावें, नाहीं तर कच्चट वास राहतो. पीठ फार झालें तर पॅटिस फुटत नाहीं हें खरें, परंतु तो घशाखालीं उतरतांना त्याचा जाब विचारतो. मसाल्याविषयीं मी बोलणार नाहीं. आलें, मिरची, लिंबू हीं ज्याच्या त्याच्या हाताचीं.

गोळे लिंबापेक्षां थोडे मोठे करून अर्धा इंच जाडीचे थापावेत. यापेक्षां जाड केले तर आंत थंडच राहतात. पातळ केले तर आंतला मऊपणा जातो, आणि मग तें बटाट्याचें धिरडें झालें. कडेला चीर पडली असेल तर बोटानें मिटवावी, कारण फुटण्यास सुरुवात तेथूनच होते. मग रव्यांत किंवा ब्रेडच्या बारीक चुऱ्यांत घोळावे आणि वेळ असल्यास अर्धा तास फ्रीजमध्यें उघडेच ठेवावेत, पृष्ठभाग सुकतो. ही उघडें ठेवण्याची गोष्ट मुद्दाम सांगतों, कारण झांकून ठेवण्याची आपली संवय अगदीं हाडीं भिनलेली आहे.

तव्यावर काय घडतें तें आतां पाहूं. बिडाचा जाड तवा असेल तर उत्तम. तो तापण्यास उशीर लावतो, पण एकदां तापला कीं थंड पॅटिस पडले तरी दम सोडीत नाहीं. तेल सुमारें पावणेदोनशें अंशांपर्यंत तापलेलें हवें. उष्णतामापक घरोघरीं नसतो; सारणाचा कण टाकल्याबरोबर त्याभोंवतीं जोरानें बुडबुडे उठले म्हणजे तेल तयार समजावें. हे बुडबुडे तेलाचे नव्हत, बटाट्यांतील पाण्याची ती वाफ. पाणी शंभर अंशांवर वाफ होऊन बाहेर पडत राहतें, आणि जोंवर तें पडत आहे तोंवर पृष्ठभाग शंभराच्या फार वर जाऊं शकत नाहीं. पृष्ठभागांतील पाणी संपलें म्हणजे मग तेथील उष्णता चढते, एकशेंचाळीसच्या पुढें पिष्ट, साखर व प्रथिनें यांच्या क्रियेनें सोनेरी रंग व तो खमंग वास येतो, आणि कुरकुरीत कवच धरतें. पॅटिस कुरकुरीत होणें म्हणजे त्याची बाहेरची सुताएवढी जाडी वाळणें, यापेक्षां त्यांत कांहीं गूढ नाहीं. म्हणून तव्यावर गर्दी करूं नये. सहा पॅटिस एकदम टाकले कीं तेल थंड पडतें, वाफ हळूं निघते, आणि पॅटिस तळले न जातां शिजतात. तसेंच उलथन्यानें सारखें चाळवूं नये. कवच धरलें कीं पॅटिस तवा आपोआप सोडतो. तो सोडीत नसेल तर त्याची वेळ झालेली नाहीं, असें समजून स्वस्थ बसावें. एकदांच उलटावा.

तेल पिण्याविषयीं एक गोष्ट पुष्कळांस नवी वाटेल. तळतांना बाहेर पडणारी वाफ तेलास आंत येऊं देत नाहीं. तेल मुख्यतः शिरतें तें पॅटिस कढईंतून बाहेर काढल्यावर! आंतली वाफ थंड होऊन आकसते, पोकळी होते, आणि पृष्ठभागावर रेंगाळणारें तेल त्या पोकळींत ओढलें जातें. यास्तव पॅटिस काढतांना झाऱ्यावर क्षणभर झटकून घ्यावा आणि चाळणीवर उभा ठेवावा. ताटांत एकावर एक रचून वर झांकण घातलें कीं पांच मिनिटांत सारी मेहनत वाफेंत भिजते. वर्तमानपत्राच्या कागदावर तर ठेवूंच नये. छापण्याच्या शाईंतील द्रव्यें तळणाऱ्या पदार्थांत उतरतात, आणि आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानेंही २०१६ सालीं याविषयीं स्पष्ट इशारा दिलेला आहे. रंगही सोनेरी असावा, तपकिरी नव्हे. फार भाजलेल्या पिष्टमय पदार्थांत ॲक्रिलामाइड नांवाचें अपायकारक द्रव्य तयार होतें, हें २००२ सालीं स्वीडनमधील शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें.

येथपर्यंत चवीची गोष्ट झाली. आतां जी सांगावयाची ती प्रकृतीची, आणि तिच्यासाठीं मी हें भाषण मुख्यतः स्वीकारलें. आपल्या घरांत एक समजूत खोल रुजलेली आहे: 'तळलें कीं सारें शुद्ध झालें.' ही समजूत चुकीची आहे. मातींत उगवणाऱ्या बटाट्याबरोबर कांहीं जंतूंचीं बीजरूपें घरांत येतात, आणि तीं उकडण्यानें मरत नाहींत. शिजलेला, ओलसर, कोमट बटाटा त्यांना सुपीक शेतासारखा. तीं उगवतात, वाढतात, आणि त्यांपैकीं कांहीं असें विष सोडतात कीं तें पुन्हां उकळून वा तळूनही नाहींसें होत नाहीं. जंतु मरतात, विष राहतें. वासही बहुधा येत नाहीं. १९९४ सालीं अमेरिकेंतील टेक्सास प्रांतांत, एल पासो शहरीं, एका उपाहारगृहांत धातूच्या पातळ वर्खांत गुंडाळून भाजलेले बटाटे तसेच गुंडाळलेल्या स्थितींत बाहेर ठेवले गेले आणि पुढें त्यांचें तोंडीलावणें केलें गेलें. तें खाऊन तीस माणसांना बोटुलिझम नांवाचा भयंकर रोग झाला.

तेव्हां नियम सोपा ठेवावा. उकडलेला बटाटा दोन तासांपेक्षां अधिक वेळ बाहेर राहूं नये. वैशाख-ज्येष्ठाच्या उकाड्यांत एकच तास. पसरट ताटलींत पसरून लौकर निववावा आणि फ्रीजमध्यें ठेवावा. खोल पातेल्यांत मध्यभाग कितीतरी वेळ कोमट राहतो, आणि धोका त्या कोमटपणांतच आहे. पुढें दोन दिवसांच्या आंत वापरावा. रात्रीं ओट्यावर विसरलेली वाटी सकाळीं कितीही चांगली दिसली, तरी तिचे पॅटिस करूं नयेत. पाव किलो बटाट्याची किंमत काय, आणि एका आजारी मुलाच्या औषधाची किंमत काय! ज्यांच्या घरांत म्हातारीं माणसें वा तान्हीं मुलें आहेत, त्यांनीं तर येथें काटकसरीचा विचारच मनांत आणूं नये.

दुसरी सावधगिरी उकडण्यापूर्वींची. हिरवट पडलेल्या व मोड आलेल्या बटाट्यांत सोलॅनिन व त्याच्या जातीचीं द्रव्यें सांचतात. तीं उकडून जात नाहींत आणि तळूनही जात नाहींत. १९६९ सालीं लंडनमधील एका शाळेंत उन्हाळ्याच्या सत्रांत उरलेली बटाट्याची गोणी सुट्टीनंतर स्वयंपाकांत वापरली गेली, आणि अठ्ठ्याहत्तर मुलें आजारी पडलीं. शाळेचा माणूस म्हणून ही हकीकत वाचतांना माझ्या अंगावर कांटा आला. उजेडांत टोपलींत पडलेले बटाटे आपल्याकडेही हिरवे होतात. लहानसा डाग असेल तर आजूबाजूचा भाग खोलवर काढून टाकावा. साऱ्या अंगावर हिरवेपणा असेल, किंवा उकडल्यावर चव कडवट लागली, तर तो बटाटा पॅटिसांत लपवूं नये. आलें-मिरचीच्या चवींत कडवटपणा झांकतो. द्रव्य झांकत नाहीं.

जातीविषयीं थोडें सांगून हें आटोपतों. बाजारांत नवा बटाटा व जुना बटाटा असा भेद भाजीवाले करतात, तो खरा आहे. पातळ सालीचा नवा बटाटा पाणी अधिक धरतो. रश्श्यास तो चांगला, पॅटिसास नव्हे. पुणें जिल्ह्यांत मंचरच्या बाजूस, सातगांव पठारावर, पावसाळी बटाटा पिकतो, तो सप्टेंबर-ऑक्टोबरांत आपल्याकडे येतो. तो घेतलात तर पीठ थोडें अधिक घालावें लागेल. आतून पिठूळ निघणारा, सांठवणींतला जुना बटाटा पॅटिसास उत्तम. चिपसोना नांवाच्या जाती सिमल्याच्या बटाटा संशोधन संस्थेनें मुद्दाम तळणासाठींच काढल्या. त्यांत पाणी कमी व साखरही कमी, म्हणून त्या काळ्या न पडतां तळल्या जातात. त्या हातीं लागल्या तर अवश्य घ्याव्यात.

आणि इतकें करूनही दोन पॅटिस उरले तर? ते निववून फ्रीजमध्यें ठेवावेत आणि दुसऱ्या दिवशीं तेल न घालतां कोरड्या तव्यावर, मंद आंचेवर, दोन्हीं बाजूंनीं आंतपर्यंत चांगले वाफाळेपर्यंत शेकावेत. कवच पुन्हां धरतें. तिसऱ्या दिवशीं मात्र त्यांचें दुसरें कांहीं करूं नये.